बाधित वाचकांबाबतचा ठराव

जुळे सोलापुरातल्या आमच्या वसाहतीत अतिशय शांतता आहे. ती टिकवण्यासाठी समिती आहे, युवक मंडळ आहे आणि प्रत्येक गॅलरीला लाइटचं वेगळं बटण आहे. त्यामुळे वसाहतीच्या वाचनालयात एक हिंसक कादंबरी शिरल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यांना धक्का बसणं साहजिक होतं.

कादंबरी आणली होती ग्रंथपाल साक्षी सर्वगोड यांनी. त्या हंगामी होत्या. येत्या वार्षिक सभेत त्यांना कायम करायचं ठरलं होतं आणि त्या भरवशावर त्यांनी आईला गावाहून आणून इथं खोली केली होती.

कादंबरीत पुढच्या काळातलं एक शहर आहे. त्यातला सोळा वर्षांचा नायक सायकलची चेन घेऊन भर रस्त्यात माणसं फोडतो आणि त्याला त्याचीच मजा वाटते. नववीतल्या पायलनं ती एका दमात वाचली आणि जेवताना वडिलांना विचारलं, "पप्पा, शिवूदादानं वॉचमनकाकांना मारलं, तेव्हा तुम्ही गॅलरीतली लाइट का घालवली?"

पायलचे वडील अमृतराव समितीचे सचिव. आजवर पोरगी साधं उलट उत्तर देत नव्हती, आता प्रश्न विचारू लागली होती. एवढी हिंसक वृत्ती घरात कुठून आली, हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

खरं तर वॉचमन बिरुदेवचा विषय मिटलेला होता. गेट उघडायला त्यानं उशीर केला म्हणून शिवूनं त्याला तुडवलं, एवढंच. शिवू हा अध्यक्ष मानसिंगरावांचा पुतण्या, युवक मंडळाचा प्रमुख आणि चौकातल्या फ्लेक्सवर बारमाही वाढदिवस असलेला तरुण. असली मिटलेली प्रकरणं जे उकरायला लावतं, ते पुस्तक समाजाला घातकच असणार.

समितीची बैठक बोलावण्यात आली. आमच्याकडं आधी सत्कार, मग कामकाज अशी रीत आहे. अध्यक्षांनी सचिवांना टॉवेल-टोपी दिली, सचिवांनी अध्यक्षांना दिली, आणि दोघांनी मिळून सदस्य सिद्धाप्पांना दिली, कारण ते नुसतेच बसले होते.

"लई वंगाळ बुक हाय म्हनं," सिद्धाप्पांनी विषयाला तोंड फोडलं.

"तुम्ही वाचलंत का?" खुलाशासाठी बोलावलेल्या साक्षी मॅडमनी विचारलं.

"म्या कशाला वाचू? माजं डोस्कं ठिकान्यावर हाय की."

या मुद्द्यात दम होता. कादंबरी ज्यानं वाचली, त्याच्यावर तिचा परिणाम झाला असणार. परिणाम झालेला माणूस तिच्याविषयी निःपक्षपणे बोलू शकत नाही. सबब, वाचणाऱ्या व्यक्तीस 'बाधित' समजण्यात यावे व त्या व्यक्तीस मत देण्याचा अधिकार नसावा, असा ठराव झाला.

"अहो, पण त्यात त्या पोराचं कौतुक नाहीये," साक्षी मॅडम कळवळून म्हणाल्या. "त्याला कोण वाढवतं ते..."

"बाधित," अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय परीक्षणाचा होता. ते पुस्तक न उघडता करण्यात आलं. मॅडमनी हातात धरलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ लाल होतं. पाठीमागं 'अस्वस्थ करणारी कादंबरी' असं छापलेलं होतं. "घ्या! छापणाऱ्यानंच कबूल केलंय," अमृतराव म्हणाले. पुस्तक शांततेच्या मार्गानं ताब्यात घेण्याची जबाबदारी युवक मंडळावर सोपवण्यात आली.

शिवू संध्याकाळी पोरं घेऊन वाचनालयात गेला. "ओ मॅडम, द्या की ते बुक. उगं कशाला वाढवताय?"

"सभासद व्हा, नावावर घ्या, वाचा आणि परत करा," साक्षी मॅडम म्हणाल्या.

'वाचा' हा शब्द शिवूला शिवीसारखा झोंबला. पोरांनी कपाटांच्या काचा फोडल्या. पुस्तक मॅडमनी छातीशी घट्ट धरलं होतं, त्यामुळे त्यांचा हात पिरगाळणं भाग पडलं. तो मोडला. त्यांची किंकाळी वरच्या मजल्यापर्यंत गेली आणि गॅलऱ्यांतल्या लाइटी एकामागून एक विझल्या. मोबाइल तेवढे चालू राहिले. अंधारामुळे व्हिडिओ नीट आला नाही, याची बऱ्याच जणांना मनापासून हळहळ वाटली. असल्यांना माणसं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे, म्हणून म्हणायचं.

वार्षिक सभेला साक्षी मॅडम प्लास्टर घातलेला हात घेऊन आल्या. अमृतरावांनी अहवाल वाचला. कादंबरी येण्यापूर्वी वाचनालयातली एकही काच फुटलेली नव्हती, कोणाचा हात मोडलेला नव्हता. कादंबरी आली आणि दोन्ही घडलं. सबब, ती हिंसा पसरवते हे सिद्ध झालं असून, ती आणणाऱ्या ग्रंथपालांना कमी करण्यात येत आहे.

रिकाम्या जागेवर शिवूची नेमणूक झाली. त्यानं आजवर कोणतंच पुस्तक वाचलेलं नसल्यामुळे त्याच्याइतका अबाधित उमेदवार वसाहतीत दुसरा नव्हता. त्याला सोलापुरी चादर पांघरण्यात आली. टाळ्या वाजल्या.

पायल उभी राहिली. "पुस्तकाच्या शेवटी असंच होतं! त्या मुलालाच हार घालतात, आणि सगळे लोक..."

"बाधित!" अमृतराव ओरडले. पोटच्या पोरीला.

पायलला रडू फुटलं. साक्षी मॅडमनी चांगल्या हातानं तिचा हात धरला आणि दोघी सभेतून बाहेर पडल्या. मागोमाग कोणी गेलं नाही, कारण चहा आला होता.

वाचनालय आता रोज उघडं असतं. आत कॅरम चालतो.

राहता राहिले आपण. आपण हे इथवर वाचलंत, तेव्हा ठरावानुसार आपणही बाधित आहात आणि आपलं मत कोणी विचारणार नाही. पण काळजी नसावी. आपण काही बोलणार नाही, याची समितीला खात्री आहे. खालून कोणाची किंकाळी ऐकू आलीच, तर गॅलरीतलं बटण कुठं आहे, हे आपल्याला अंधारातसुद्धा सापडतं.