रेजिना टीचर हात लावण्याआधी विचारतात

रेजिना टीचर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दार उघडून "या, बसा" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चपला काढल्या, सोफ्याजवळ पडलेल्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासमोर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "बंडोपंत, हात लावू का?"

बंडूने एक डोळा उघडून पुन्हा मिटला. टीचर उलटा हात त्याच्या नाकापुढे धरून बसून राहिल्या. चहा आला, चहा गार झाला. शेवटी बंडूने मान पुढे करून हनुवटी त्यांच्या हातावर टेकवली.

"परवानगी मिळाली," टीचर म्हणाल्या. "आता तू बोल. काय नाव रे तुझं?"

मी पन्नाशीचा माणूस, बोळिंजमधल्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मला अरेतुरे आणि कुत्र्याला पंत! माझी बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती.

टीचर शेजारच्या गास गावच्या. उमेदीची सगळी वर्षं टायपिंगचा क्लास चालवण्यात गेली. मग टाइपरायटर भंगारात गेले, पण बोटं कुठे टाकणार? त्यांनी ती जनावरांच्या पाठीवर चालवायला घेतली. रीतसर शिकून आल्या. हलक्या हाताने चोळायचं, बोटं गोल गोल फिरवायची, कधी नुसता तळवा ठेवून थांबायचं, एवढंच ते काम. भाषा मात्र क्लासातलीच राहिली. बंडूची कंबर आखडली होती, तर म्हणे "कॅरेज अडकलंय," जणू टाइपरायटरचा सरकता रूळच. मी जोर लावायला गेलो तर माझ्या हातावर फटका बसला. "बटण दाबायचं नसतं, वाजवायचं असतं!" काम संपलं की जनावराला दोन हलक्या थापा आणि ठरलेलं वाक्य, "चला, पुढची ओळ."

डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मात्र त्या कोणालाही हात लावत नाहीत. "दुरुस्ती त्यांची. मी फक्त तेल घालते," म्हणतात. एकदा वेळ दिली की रविवारची चर्चमधली मिसा चुकेल, पण बंडोपंतांची वेळ चुकायची नाही. पुढे बंडू पुन्हा आपला आपण सोफ्यावर चढू लागला, तेव्हापासून मी या विषयावर मत देणं बंद केलं.

त्याच सुमारास माझ्या पुतण्याचं लग्न ठरलं. वरातीची घोडी मी ठरवली होती, कामणच्या हरेशची मोगरा. पांढरीशुभ्र, देखणी. लग्न आठवड्यावर आलं आणि हरेशचा रडवेला फोन आला.

"काका, दुसरी घोडी बगा. मोगरानं परवा एका नवरदेवाला पाडलं. खोगिराच्या तंगाला हात लावला का चावायला येते. डॉक्टर बोलले, हाड-बीड काय नाय, अंग आखडलंय. पन दादा कोनाचं ऐकत नाय. बोलतो, अजून एक वरात फसली का विकून टाकू हिला." मग त्याचा आवाज फुटला. "बारकी होती तवापासून माझ्या हातचं पानी प्यालीय ती, काका."

मी टीचरांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट कामण गाठलं.

मोगरा कान मागे टाकून उभी होती. टीचरांनी पदर खोचला. "मोगराबाई, हात लावू का?"

मोगराबाईंनी दात दाखवले.

"बरं, नको तर नको," म्हणून टीचर बादली पालथी घालून तिच्यासमोर बसल्या. दुसऱ्या दिवशीही नुसत्याच बसल्या. मी घड्याळ बघू लागलो की माझ्यावर डोळे वटारायच्या. तिसऱ्या सकाळी घोडी आपणहून पुढे आली आणि तिने त्यांच्या हातावर श्वास सोडला. मग ती बोटं मानेवरून खांद्याकडे आणि खांद्यावरून पोटाकडे निघाली. जिथे खोगिराचा पट्टा, म्हणजे तो तंग बसतो, तिथे कातडी थरथरली. टीचर तिथेच थांबल्या, हात न उचलता. बऱ्याच वेळाने मोगराने लांबलचक सुस्कारा सोडला आणि तिचा खालचा ओठ लोंबला.

"हरेश, तंग एवढा का आवळतोस रे?"

"नवरदेव घसरू नये म्हनून."

"घसरला तर दुसरा मिळेल!"

हे माझ्या पुतण्याबद्दल चाललं होतं!

तंग सैल झाला, खोगिराखाली मऊ गोधडीची घडी आली. रोज सकाळी टीचर कामणला. हरेशचे हातही त्यांनी घटवून घेतले. लग्नाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी घोडी चालवून पाहिली आणि चालेल म्हणाले.

आणि काय चालली हो मोगरा! सोसायटीच्या गेटातून निघाली ती थेट महाराणी. पुढे बँड, मागे गाड्यांचे हॉर्न, पण बाई एकेक पाऊल तोलून टाकत होती. हरेशचा दादा हाताची घडी घालून रस्त्याच्या कडेने चालत होता. चौक ओलांडला तशी त्याची घडी सुटली. मी नाचलो. माझी बायको अजूनही त्याचा व्हिडिओ लोकांना दाखवते.

हॉलच्या फाटकाशी टीचर उभ्या होत्या, निळी साडी नेसून, गर्दीपासून जरा बाजूला. मोगरा त्यांच्यासमोर आली आणि थांबली. हरेशने लगाम ओढला, पण ढिम्म हलेना. दादाची घडी परत बसली.

घोडीने मान खाली केली. नाक टीचरांच्या चेहऱ्यापुढे आणलं आणि तिथेच धरून ठेवलं, हळूहळू श्वास सोडत, वाट बघत. टीचर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मान हलवून हो म्हटलं, तेव्हा कुठे मोगराने आपली हनुवटी त्यांच्या खांद्यावर टेकवली.

बँड थांबला. टीचरांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते पुसायचं सुचत नव्हतं.

"आमचे मिस्टर गेल्यापासून मला कोणी जवळ घेतलं नाही रे," त्या मला म्हणाल्या. "सगळे लांबूनच, टीचर, टीचर. आणि ही बघ. विचारून आली."

इतके दिवस रोज सकाळी ही बाई माझ्या स्कूटरवर मागे बसली होती, आणि तिच्या घरी कोण असतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

पुतण्या घोडीवरून ओरडला, "काका, मुहूर्त!"

"थांब जरा," हरेशचा दादाच त्याच्यावर खेकसला. "आमच्या घोडीचं काम चाललंय. आनि ती कुठं जानार नाय, इथंच हाय."

हरेशने हे ऐकलं आणि लगाम धरल्या हातानेच तोंड झाकून घेतलं.

टीचरांनी नाक पुसलं, मोगराच्या मानेवर दोन हलक्या थापा मारल्या आणि क्लासातल्या करड्या आवाजात म्हणाल्या, "चला, पुढची ओळ."

बँड वाजला, आणि मोगरा नवरदेवाला घेऊन आत शिरली.