साहेबांची नळी

जपानमधल्या नीगाताजवळच्या एका तांदळाच्या पापड्यांच्या कारखान्यात दर वसंतात सगळ्यांची तपासणी होते. रक्त फक्त पस्तिशी ओलांडलेल्यांचं घेतात, लघवी मात्र सगळ्यांची. आदल्या दिवशी प्रत्येकाला एक नळी आणि नावाची चिठ्ठी मिळते. सकाळची पहिली लघवी घरून भरून आणायची, वर चिठ्ठी चिकटवायची, संपलं. पण हिशेबखात्याचे सेगावासाहेब या बोटभर नळीला वाघ असल्यासारखे भीत. मांजू, म्हणजे पुरण भरलेले वाफवलेले गोड उंडे, हा त्यांचा जीव की प्राण. आणि लघवीत साखर निघाली तर घरात मांजू येणार नाहीत, असा त्यांच्या पत्नीचा, मिचिएबाईंचा, हुकूम सुटला होता.

शेजारच्या मेजावरचा इवामोतो पोरसवदा, मुळातच काटकुळा. हिवाळ्यापासून तो आणखी वाळला होता, आणि बायकामंडळी त्याला त्यामागचं गुपित विचारत होत्या. साहेबांनी त्याला जिन्याखाली गाठलं.

"चिठ्ठ्या बदलू आपण. तुझी नळी माझी, माझी तुझी."

"साहेब, मग माझा अहवाल?"

"तुझ्या वयात अहवाल कोण वाचतो? तुझं म्हणजे झऱ्याचं पाणी."

वरिष्ठांना नाही म्हणायची तिथे रीत नव्हती. चिठ्ठ्या बदलल्या.

अहवाल आले. इवामोतो ठणठणीत. साहेबांना मात्र सपत्नीक बोलावणं आलं.

डॉक्टर ओगाताबाई एका हातात रक्ताचा अहवाल आणि दुसऱ्या हातात लघवीचा घेऊन बसल्या होत्या, आणि लहान मुलीसारख्या खूश दिसत होत्या. रक्तात साखर बेताची, लघवीत मात्र पाक. असा माणूस त्यांना उभ्या आयुष्यात भेटला नव्हता. साहेबांना विद्यापीठाच्या इस्पितळात नेऊन विद्यार्थ्यांपुढे बसवायचं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. सारखी तहान लागते? साहेब नाही म्हणाले, आणि त्यांना इवामोतोच्या मेजाखाली लोळणाऱ्या गोड चहाच्या रिकाम्या बाटल्या आठवल्या. सारखं लघवीला? नाही, पण इवामोतोची खुर्ची कधी ऊब धरत नसे. भरपूर खाऊनही वजन उतरतंय? इवामोतोच्या पट्ट्याला दाभणाने पाडलेली नवी भोकं होती. अंधुक दिसतं? परवाच त्याने आठाचे तीन वाचले म्हणून साहेबांनी त्याला झापलं होतं.

"घसा कोरडा पडतो का?"

"आत्ता पडलाय," साहेब म्हणाले. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मनातल्या मनात मांजूंचा निरोप घेतला आणि मान खाली घातली. "बाई, ती माझी नव्हे."

"काय तुमची नव्हे?"

"लघवी."

मग जिन्याखालचं सगळं, झऱ्याच्या पाण्यासकट, साहेबांनी सांगून टाकलं. ओगाताबाईंचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी लगेच कारखान्यात फोन लावला. इवामोतोला त्याच दुपारी दाखल केलं. थोडा उशीर झाला असता तर बेशुद्धच आणावा लागला असता, असं त्या म्हणाल्या. पोराची इन्शुलिनची सुई सुरू झाली.

घरी जाताना मिचिएबाई म्हणाल्या,

"म्हणजे झऱ्याचं पाणी तुमचंच होतं."

"हो ना," साहेब आशेने म्हणाले.

"साखरेपायी मांजू बंद करावे लागले नसते. लबाडीपायी बंद."

पुढच्या वसंतात इवामोतो जिन्याखाली नळी घेऊन उभा होता. गाल भरले होते, पट्टा जुन्या भोकावर आला होता.

"साहेब, यंदा बदलायची का चिठ्ठी?"

साहेबांनी आपली नळी पुढे केली. चिठ्ठी आणि झाकण यांच्या सांध्यावर मिचिएबाईंच्या नावाचा लाल शिक्का उमटलेला होता.