बाद झालेला दम

आमच्या मंडळात प्राणवायूचं पाणी सुरू झालं तेव्हापासून धावतात मुली आणि धाप लागते ती त्यांच्या बाटल्यांना. पहिले काही दिवस चमत्कारिक वाटलं, मग अंगवळणी पडलं. सराव संपला की मुली गप्पा मारत बसत आणि बाकावर ठेवलेल्या बाटल्या धापा टाकत. त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालायचं काम माझ्याकडे आलं. मंडळाचा चिटणीस म्हटलं की असली लोढणी गळ्यात पडायचीच.

"ह्या पाण्यात दम आहे," असं विकणारा म्हणाला होता. आम्ही पडलो कबड्डीची माणसं. आम्ही ते शब्दशः घेतलं, आणि पाण्यानंही घेतलं असावं.

खरी पंचाईत झाली ती जिल्हा संघाच्या निवडीच्या सामन्यात. आमची चढाई करणारी सुगंधा घरत हिची ही शेवटची संधी होती. लग्न ठरलं होतं आणि सासरच्यांनी कबड्डी चालणार नाही असं आधीच बजावलं होतं. जिल्ह्याकडून एकदा तरी खेळायचं, एवढंच तिचं मागणं होतं.

पहिल्याच चढाईत सुगंधा "कबड्डी कबड्डी" करत गेली आणि तिघींना शिवून परत आली. आम्ही नाचलो. पंच तांडेल मात्र मान हलवत होते.

"गुण नाही. दम घेऊन मध्यरेषा ओलांडायची असते. हिचा दम बाकावरच आहे. ऐका."

आम्ही ऐकलं. बाकावर बाटलीची छान दमछाक चालली होती.

"मग बाटली घेऊन जाऊ दे," प्रशिक्षक मोकल सर म्हणाले.

"खुशाल."

पुढच्या चढाईला सुगंधा बाटली काखोटीला मारून गेली. समोरच्या मुलींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौघींनी बाटलीवर झडप घातली आणि बूच दाबून धरलं. बाटलीचा दम तुटला.

"बाद!" तांडेल ओरडले.

"मी?" सुगंधानं विचारलं.

"बाटली. तू खेळ."

"दमाशिवाय चढाई कशी करू?"

तांडेल विचारात पडले. "चढाई नाही करता येणार. तुमच्या संघानं गुण घेतला की बाटली जिवंत होईल. तोवर बचावाला उभी राहा."

"सर, मना काय समजत नाय," सुगंधा मोकल सरांना म्हणाली.

"मलाही नाही," सर म्हणाले. "पण नियमात बसतंय."

आमच्या संघाला पुढे एकही गुण मिळाला नाही. निवड समितीनं नावं वाचली, त्यांत सुगंधा नव्हती. मला फार वाईट वाटलं. ती मात्र कोरड्या डोळ्यांनी मैदानात उभी होती.

एवढ्यात बाद खेळाडूंच्या जागेवरून हुंदका ऐकू आला. बाटली रडत होती, अगदी ऊर फुटेल अशी. मोकल सर धावले. मी पुठ्ठा घेऊन धावलो. प्रेक्षकांतून सुगंधाची आई आली, तिनं बाटली उचलून पोटाशी धरली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

"उगी गो बाय, उगी."

सुगंधा जवळ येऊन उभी राहिली.

"आई, मी इकडं हाय."

"थांब गो जरा," आई म्हणाली. "आधी हिला गप होऊ दे."