नवशिक्यांसाठी वर्षभर खुले

लग्नाच्या मुलाला छंद असलाच पाहिजे, हा नियम पुण्यात नेमका कधी लागू झाला याची कुठे नोंद नाही. आयटी आली, फ्लॅट आले आणि त्यांच्या पाठोपाठ छंद आले, एवढे खरे. पूर्वी मुलाला नोकरी असली आणि तो अडखळत बोलत नसला की भागत असे. आता पोह्यांवर लिंबू पिळता पिळता मुलीकडचे विचारू लागले, "बाकी काय करता?" आणि बाकी काहीच न करणाऱ्या भल्याभल्या इंजिनिअरांची बोबडी वळू लागली.

उत्तरेश्वर त्यातलाच. मूळचा लातूरकडचा, राहायला विश्रांतवाडीला. एका कंपनीत बसून तो परदेशी बँकांच्या संगणकांचे काहीबाही दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात झोपायचा. झोप हा छंद म्हणून सांगता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून नारायण पेठेत नीरजाला बघायला जाताना तो ट्रेकिंग आणि वाचन असे दोन छंद पाठ करून गेला.

ऑइल पेंटिंग हा आपला छंद नीरजाने आधीच सांगून टाकला होता, आणि नोकरीला ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळत असे. पेठेत हे काम एरवी लोक फुकट करतात.

"ट्रेकिंग आणि वाचन सोडून सांगा," ती म्हणाली. "ते आधीच्या सगळ्यांचं झालंय."

उत्तरेश्वरचे पाठांतर संपले. त्याच आठवड्यात इंग्लंडातल्या साहेबाने फोनवर आपला रविवार कसा गेला ते सांगितले होते. तेच याच्या तोंडून निसटले. "क्ले पिजन शूटिंग."

नीरजाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. "कबुतरं मारता?"

"अहो नाही, नुसती तबकडी असते मातीची. यंत्रातून हवेत उडवतात आणि बंदुकीनं फोडतात. नाव तेवढं कबुतराचं."

"आणि तुकडे कोण झाडतं?" आतून आईंचा आवाज आला.

पण नीरजाने मान वर करून त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले, आणि खोटे कशाला सांगा, त्या एका नजरेत गडी खलास झाला. हिच्याशी लग्न झाले नाही तर आपल्या जगण्यात काही राम नाही, असे त्याला वाटून गेले.

"एक तबकडी फोडून दाखवा," ती म्हणाली. "मग हो का नाही ते सांगते. तुळशीचं लग्न लागेपर्यंत वेळ आहे. पुढे बाबा न्यू जर्सीच्या स्थळाला कळवणार आहेत."

तेव्हा नुकती कुठे संक्रांत झाली होती. अख्ख्या वर्षात एक तबकडी! उत्तरेश्वर शीळ घालत घरी गेला.

लोणी काळभोरच्या पलीकडे, उसाच्या फडांना लागून, हौशी नेमबाजी प्रसारक मंडळाचे मैदान होते. शनिवारी तो तिथे पोचला तर कुलूप. शेजारी पाटी होती, "नवशिक्यांसाठी वर्षभर खुले". खाली बारीक अक्षरांत, "शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी बंद. दुपारी एक ते चार चौकशी करू नये." त्याने मंगळवारी रजा टाकली आणि पुन्हा गेला.

मंडळाचे कार्यवाह यज्ञेश्वर खांबेटे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते, पण सरकारी नोकरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती.

"नवशिके का?" त्यांनी चष्म्यावरून विचारले. "मग प्रश्नच नाही. आपलं वर्षभर खुलं असतं. कधीही या."

"आलोच आहे की."

"आज कसं शक्य आहे? स्पर्धा चालू आहे."

उत्तरेश्वरने मैदानाकडे पाहिले. तिथे एक म्हैस उभी होती.

"निबंध स्पर्धा," खांबेटे म्हणाले. "विषय, नेमबाजीचे महत्त्व. ती झाली की मार्चएंड. एप्रिल-मे म्हणाल तर सकाळी ऊन पूर्वेकडून डोळ्यात, संध्याकाळी पश्चिमेकडून डोळ्यात."

"आणि दुपारी?"

खांबेट्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने आपला प्रश्न मागे घेतला.

"तुम्ही पावसाळ्यात या," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "ढग असतात, डोळ्यांना बरं."

पावसाळ्यात उत्तरेश्वर गेला. ढग होते, तबकड्या नव्हत्या. बाहेरच्या बाजारी तबकड्या मंडळाला वर्ज्य होत्या. पर्यावरणाच्या प्रेमापोटी मंडळ फक्त शाडूच्या तबकड्या वापरत असे, आणि पावसाळी हवेत त्यांचा गोळा होत असे. शिवाय त्या करून देणारे संभाजी हे पंचक्रोशीतले नावाजलेले मूर्तिकार. अक्षय तृतीयेपासून त्यांच्या कारखान्यात गणपती बसलेले. गणपती संपवून तुमची ताटली करा, असे त्यांना सांगायची कोणाची छाती?

गणपती गेले. उत्तरेश्वर दुसऱ्याच दिवशी हजर.

"पितृपक्ष," खांबेटे म्हणाले.

"पण तबकडीचा आणि पितरांचा काय संबंध?"

"अहो, कबूतर झालं तरी पक्षीच. वरती कोण कोणत्या रूपात घिरट्या घालतंय, तुम्हाला दिसतं का? कार्यकारिणीत यावर दोन तट आहेत. उगाच वाद नको."

पितृपक्ष सरला तर नवरात्र आले. संभाजी देवीच्या मूर्तींत गुंतले, आणि मंडळाची एकुलती एक बंदूक खंडेनवमीच्या पूजेसाठी पाटावर बसवली गेली. पूजेला मांडलेले शस्त्र हलवायचे नाही. ती उठते न उठते तोच दिवाळी दारात. मग पेठेपेठेतल्या पोरांच्या किल्ल्यांसाठी संभाजींना मावळे करायचे होते. त्यात, फटाक्यांच्या दिवसांत बार उडाला तर तो आपलाच होता हे सिद्ध कसे करणार, असाही तांत्रिक मुद्दा निघाला.

उत्तरेश्वर रडकुंडीला आला. नीरजा अधूनमधून फोन करून एवढेच विचारायची, "फुटली का?" आणि तो म्हणायचा, "प्रक्रिया चालू आहे." आपल्या तोंडी खांबेट्यांची भाषा आली आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नसे.

शेवटी तो खांबेट्यांसमोर हात जोडून उभा राहिला. "साहेब, पाया पडतो. लग्नाचा प्रश्न आहे हो! तुळशीच्या लग्नाआधी एक दिवस द्या. एक तबकडी द्या."

खांबेटे विरघळले. "तसं आधी सांगायचं नाही का? दिवाळी आणि तुळशीचं लग्न यांच्यामध्ये चांगले दिवस आहेत. घेऊन टाकू नवशिक्यांचा मेळावा."

मेळाव्याच्या सकाळी पेटी उघडली आणि कार्यकारिणीला घाम फुटला. तबकड्या सुरेख झाल्या होत्या, पण प्रत्येकीवर दोन टपोरे डोळे रंगवलेले. वर्षभर मूर्तींना डोळे देणाऱ्या हाताला आंधळा नग कारखान्याबाहेर पाठवायची सवय नव्हती. आता डोळे उघडलेल्यावर गोळी कशी झाडायची? तासभर चर्चा होऊन, डोळे खालच्या बाजूला ठेवून तबकड्या उडवाव्यात, असा ठराव संमत झाला.

नीरजा रिक्षाने आली आणि पुढच्या रांगेत बसली. उत्तरेश्वरने नवा शर्ट घातला होता. बंदूक पाटावर होती. तिला हार, हळदकुंकू, समोर नारळ. आधी दीपप्रज्वलन झाले, मग स्वागतगीत, मग मंडळाच्या स्थापनेपासून नवशिके असलेल्या ज्येष्ठ सभासदांचा सत्कार. त्यांत काठी टेकत आलेले एक आजोबा नवशिके विभागाचे तहहयात अध्यक्ष होते. नंतर प्रमुख पाहुणे बोलायला उठले आणि जागतिकीकरणावर बोलू लागले.

घड्याळाचा काटा एककडे सरकत होता. एक वाजता बंद, चारनंतर ऊन डोळ्यात, आणि दुसऱ्या दिवशी तुळशीचे लग्न!

"आता मी या प्रकल्पाचं अनावरण झाल्याचं जाहीर करतो," पाहुणे म्हणाले. त्यांना पडद्याची दोरी हवी होती. पडदा नव्हता, पण शेजारी तबकडी उडवायच्या यंत्राची दोरी होती. त्यांनी ती जोरात ओढली.

खट् असा आवाज झाला आणि तबकडी उडाली.

अहाहा! काय उडाली हो! निळ्याशार आभाळात गरगरत, दोन्ही टपोरे डोळे खाली करून, समस्त कार्यकारिणीकडे बघत बघत ती गेली. मंडळाच्या इतिहासातले ते पहिलेच उड्डाण. सगळ्यांनी तोंडाचा आ वासला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काठीवाले आजोबा रडले.

"मारा की!" नीरजा ओरडली.

"कशी मारू? पूजा चालू आहे!" उत्तरेश्वर हार घातलेल्या बंदुकीकडे बोट दाखवत कळवळला.

तबकडी उसाच्या फडात उतरली. थोड्या वेळाने फडातून शेजारच्या वेणूबाई आल्या, हातात ती धडधाकट तबकडी. "आवं, ही ताटली तुमचीच हाय का? माझ्याकडं डोळं वटारून बघतीया."

खांबेट्यांनी घड्याळ पाहिले. एक वाजला होता. मेळावा यशस्वी झाल्याचे त्यांनी जाहीर केले आणि फाटकाला कुलूप लावायला घेतले.

उत्तरेश्वर नीरजासमोर जाऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी आयुष्यात एकही फोडलेली नाही. बंदुकीला हातसुद्धा लावलेला नाही. त्या दिवशी थाप मारली. सॉरी."

नीरजा पोट धरधरून हसत होती. डोळे पुसून ती म्हणाली, "ते पोह्यांच्या दिवशीच कळलं होतं मला. टेस्टिंगमध्ये आहे मी. पण खोटा छंद एवढ्या प्रामाणिकपणे जपणारा माणूस दुसरा मिळायचा नाही. बाबांना सांगते, न्यू जर्सी राहू दे." मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मी ऑइल पेंटिंग करते असं सांगितलं होतं ना? त्या ट्यूबांची झाकणंही अजून उघडलेली नाहीत."

दोघांचे लग्न झाले, थाटात झाले. आहेरात खांबेट्यांनी तीच तबकडी दिली. ती दिवाणखान्यात टीव्हीवर असते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघते. ऐतिहासिक उड्डाणाच्या वेळी बंदुकीच्या सर्वांत जवळ उभा असल्याबद्दल उत्तरेश्वरला नवशिके विभागाचे उपाध्यक्षपद मिळाले आहे. चौकशीचे फोन आता त्यालाच येतात. बहुतेक लग्नाची मुलेच असतात बिचारी.

"नवशिक्यांनी कधी यावं?" ती विचारतात.

"वर्षभर," उत्तरेश्वर मनापासून सांगतो. "अगदी कधीही या."

हसलात ना? हसा, हसा. फक्त हसून झाले की उठून आतल्या खोलीत जा, आणि व्यायामाला म्हणून आणलेल्या त्या सायकलवर सध्या कोणाचा टॉवेल वाळतोय, तेवढे बघून या.