डाक्टर गुणवंतराव आणि कण्हणारी गाडी

आमच्या शेजारचे गुणवंतराव गाडीला स्टेथोस्कोप लावतात. थट्टा म्हणून नाही, अगदी मनापासून. रोज सकाळी आंघोळ झाली की बनियनवर बाहेर येतात, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि त्यांच्या वीस वर्षं जुन्या पांढऱ्या गाडीचं बोनेट उघडून डोळे मिटून उभे राहतात. मी कारंज्याला बदलून आलो तेव्हा पहिल्याच सकाळी हे दृश्य पाहिलं आणि घरमालकाला हळूच विचारलं की शेजार कसा आहे. तो म्हणाला, डाक्टर आहेत, काळजी करू नका.

ते डॉक्टर नव्हते. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बत्तीस वर्षं त्यांनी म्हशींच्या जखमा धुतल्या, बैलांच्या खुरांना पट्ट्या बांधल्या आणि गाभण गाईंची रात्रंदिवस राखण केली. खरे डॉक्टर बदलून जात, गुणवंतराव तिथंच. त्यामुळे लोकांनीच त्यांना बढती देऊन टाकली. निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यातला जुना स्टेथोस्कोप त्यांना भेट मिळाला. जनावरं संपली होती, पण कान तयार होता. मग त्यांनी तो यंत्रांकडे वळवला.

माझा फ्रिज त्यांनी न विचारताच तपासला. म्हणाले, पोटात वारा धरलाय, दोन दिवस उपाशी ठेवा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, पण त्यांच्यापुढे माझं विज्ञान उभं राहत नसे. दोन दिवस फ्रिज बंद ठेवला आणि आतला बर्फ वितळून तो खरंच बरा झाला. तेव्हापासून मी त्यांच्या कायमच्या पेशंटांपैकी एक.

त्यांची कीर्ती पसरली ती एका लग्नात. मांडवामागच्या जनरेटरला स्टेथोस्कोप लावून त्यांनी मुलीच्या बापाला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे मंगलाष्टकं संपेपर्यंत काही टिकत नाही. बाप बिचारा आधीच रडवेला. तिसऱ्या मंगलाष्टकाला जनरेटर गप्प झाला, माईक मेला, भटजींचा आवाज अर्ध्यावर बसला. लोकांनी अक्षता टाकायच्या सोडून गुणवंतरावांकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "पयले ऐकाव, मंग बोलाव. पन इथं ऐकते कोन?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य मेकॅनिक लोकांबद्दल होतं. हे लोक आधी चिरतात आणि मग पाहतात, असं त्यांचं मत. म्हणून त्यांच्या गाडीला बाहेरच्या माणसाचा हात लागत नसे. गाडीबद्दल बोलताना ते 'ती' म्हणत आणि दवाखान्यातली भाषा वापरत. ती खोकली, ती आज सुस्त आहे, तिनं पाणी कमी घेतलं. पेट्रोलबद्दल तर त्यांचा पक्का सिद्धांत होता. भरल्या पोटी जनावर आळसावतं, अर्धपोटी चपळ राहतं. त्यामुळे काटा कायम लाल पट्टीवर. पंपावरच्या माणसाला ते थोडंसंच टाकायला सांगत आणि वर त्यालाच आहारशास्त्र समजावून देत.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. विचारलं तर म्हणत, बदलीची वाट पाहत होतो, बदली झालीच नाही. घरात एक पलंग, एक गॅस आणि भिंतीवर एका जर्सी गाईचं कॅलेंडर. नातं म्हणावं असं एकच. रोहणा या खेड्यात त्यांची थोरली बहीण, सुमनबाई. काचबिंदूनं तिची दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेलेली. मुलगा आणि सून दिवसभर वावरात राबायला, घरी ती एकटी. दर गुरुवारी गुणवंतराव गाडी काढून तिच्याकडे जात.

तर झालं असं की मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर ही गाडी कण्हायला लागली. आधी बारीक, कानाशी डास असावा तसं. दिवाळीपर्यंत डासाचा भुंगा झाला. संक्रांतीला तर गाडी गल्लीत वळली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. ऊंऽऽऽ असा एक लांब, रडका सूर. पोरं घराबाहेर येऊन पाहायची. माझ्या बायकोनं कुकर लावलेला असताना एकदा दोघांचे सूर इतके जुळले की तिनं शिट्टी समजून गॅस बंद केला आणि डाळ कच्ची राहिली.

गुणवंतरावांनी निदान केलं. मागच्या डाव्या पायात सांधेदुखी. म्हणजे चाकाच्या बेअरिंगमध्ये. त्यांनी चाक काढलं, ग्रीस भरलं, चाक लावलं. सूर तसाच. मग उजव्या पायात भरलं. मग म्हणाले हवेचा रोग आहे आणि चारही टायरांची हवा बदलली. मी एकदा भीतभीत सुचवलं की चाक फिरत नसतानाही आवाज येतो, तेव्हा तो चाकाचा कसा असेल. त्यांनी माझ्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाले, "सर, तुमचा पाय दुखला तं तो बसल्यावर नाई दुखत का?"

मी विज्ञान बाजूला ठेवलं आणि ग्रीसचा डबा धरला.

एप्रिलात सुमनबाईंना वर्ध्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. जी थोडी उजेडाची जाण उरली होती ती टिकवायची तर डोळ्यातला दाब वेळेवर तपासणं भाग होतं, आणि नंबर मोठ्या मुश्किलीनं मिळाला होता. मला जिल्हा परिषदेत काम होतं, म्हणून मीही निघालो. रोहण्याहून बाईंना घेतलं. त्या मागच्या सीटवर मधोमध बसल्या, मांडीवर पिशवी, डोक्यावर पदर. गाडी निघाली आणि पाचेक किलोमीटरवर बाई म्हणाल्या, "गुनवंता, माह्या बुडाखाली कायतरी रडून राह्यलं रे."

गुणवंतराव म्हणाले, तो पायाचा आवाज आहे. बाई म्हणाल्या की पाय तिकडे बाजूला, हे बरोबर त्यांच्या खाली आहे, मांडीला समजतं. भावानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बत्तीस वर्षांचा अनुभव एका बाजूला आणि बाईंची मांडी एका बाजूला.

ऊन चढलं तसा सूरही चढला. पुढं एका चढावर गाडीनं दोन गचके दिले, मग सूर एकदम तुटला, आणि इंजिनही. गाडी रस्त्याच्या कडेला गप्प उभी राहिली. दोन्हीकडे कापसाची मोकळी वावरं, पऱ्हाट्या उपटून टाकलेल्या, सावली म्हणावी असं एक झाड नाही. गुणवंतराव उतरले. बोनेट उघडून कानाला नळ्या लावल्या. इंजिनातून काहीच ऐकू येत नव्हतं, कारण ते चालूच नव्हतं.

पाऊण तास गेला. मी दोन ट्रकना हात केला, ते थांबले नाहीत. गाडीचा पत्रा तव्यासारखा झाला, म्हणून बाईंना बाहेर आणून वावराच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर बसवलं. गुणवंतरावांनी गाडीतलं पायाखालचं रबराचं पायपुसणं काढलं आणि ते दोन्ही हातांनी बहिणीच्या डोक्यावर धरून उभे राहिले. हात भरून आले की मी ते धरायला मागायचो, पण त्यांनी दिलं नाही. बाई काही तक्रार न करता बसल्या होत्या. एकदाच त्यांनी विचारलं, किती वाजले. गुणवंतरावांनी घड्याळ पाहिलं आणि खोटी वेळ सांगितली.

तासाभरानं किल्ली फिरवल्यावर गाडी पुन्हा सुरू झाली, पण तोवर नंबर गेला होता. रडत रडत तिनं आम्हाला रोहण्याला परत आणलं. बाईंना सोडून आम्ही कारंज्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात आले. गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता. म्हणाले, "चला सर. तुमच्या त्या मिस्त्रीले दाखवू."

माझा मिस्त्री म्हणजे हायवेवर धाब्यांच्या रांगेपलीकडे गॅरेज असलेले उईके. अंगानं किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ. त्यांनी बोनेटला हातही लावला नाही. किल्ली अर्धी फिरवायला सांगितली, मागचं दार उघडलं, सीटवर डोकं टेकवलं आणि म्हणाले, "टाकीतला पंप गेला."

गुणवंतराव चपापले. एवढ्या लवकर निदान त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी बाजू मांडली की आपण सहा महिने तपासतोय आणि रोग पायात आहे. उईके हो म्हणाले आणि नवा पंप मागवला.

तो नागपूरहून दोन दिवसांनी आला. काम सुरू झालं तेव्हा गुणवंतराव ऑपरेशनच्या दारात उभ्या असलेल्या बापासारखे उभे. उईकेंनी आधी पंपाचा फ्यूज काढला आणि गाडी सुरू केली. नळीतलं उरलेलं पेट्रोल पिऊन ती आपसूक बंद पडली. म्हणाले, नाहीतर नळी सोडल्यावर पेट्रोल तोंडावर उडतं. मग बॅटरीची वायर काढली. मागची सीट उचलून बाहेर ठेवली. तिच्याखाली पत्र्यात एक गोल झाकण होतं, बरोबर जिथं बाई बसल्या होत्या तिथं. गुणवंतरावांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

झाकणावर वीस वर्षांची धूळ. उईकेंनी हवा मारून ती आधी साफ केली, कारण कचरा टाकीत पडला तर नव्या पंपाचंही तेच होणार. वायरची पिन काढली, नळ्या सोडल्या. पंप धरून ठेवणारी वरची मोठी कडी लाकडाचा तुकडा लावून हळूहळू ठोकत फिरवली. लोखंडानं का नाही, असं गुणवंतरावांनी विचारलं. उईके म्हणाले, ठिणगी उडाली तर तुम्हाला विचारायला कोणी उरणार नाही. मग दोन्ही हातांनी त्यांनी पंप वर काढला, त्याचा पेट्रोल मोजणारा तरंगता काटा वाकू न देता, तिरका करून, अगदी अलगद. ते पाहून गुणवंतरावांच्या तोंडून निघालं की आडवं वासरू असंच काढावं लागतं. उईकेंनी पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाले, माझ्या वडलांच्या गाईचं तुम्हीच काढलं होतं.

यानंतर दोघांचं जमलं.

पंपाच्या खालची जाळी काळी पडली होती. उईकेंनी तो हातात फिरवून दाखवला. हा नेहमी पेट्रोलात बुडालेला असतो, तेच त्याला थंड ठेवतं. टाकी रिकामी राहिली की तो कोरडा फिरतो, तापतो आणि मग ओरडतो. त्यांनी विचारलं, टाकी किती ठेवता?

मी धाब्याकडे पाहायला लागलो. गुणवंतरावांनी तो जळका पंप हातात घेतला. मग म्हणाले, "बत्तीस वर्स लोकायले सांगतलं, जनावराले पाण्यावाचून ठेवू नका. अन् घरचं जनावर म्याच तहानेनं मारून राह्यलो होतो."

नवा पंप, नवी जाळी आणि झाकणाखालचं नवं रबर बसवून उईकेंनी सगळं होतं तसं लावलं. किल्ली दोनदा अर्धी फिरवली, दोन्ही वेळा एक छोटीशी गुणगुण येऊन थांबली. मग गाडी सुरू केली. गुणवंतराव म्हणाले, बंद पडली वाटतं. उईकेंनी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दाखवला. गाडी चालू होती. सहा महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला तिचा आवाज येत नव्हता. परत येताना गुणवंतरावांनी पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरून घेतली. भरणारा माणूस दोनदा विचारून खात्री करत होता.

दवाखान्याची पुढची तारीख नशिबानं लगेचच्या गुरुवारीच मिळाली. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकली. खरं तर काही काम नव्हतं, पण गाडी कशी धावते ते पाहायचं होतं. घाटात ती अशी चढली की गुणवंतराव तिच्या डॅशबोर्डवर थोपटत होते.

रोहण्यात शिरलो. नाल्यावरचा छोटा पूल ओलांडला आणि बाईंच्या घरापुढे थांबलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या. धुतलेलं पातळ, मांडीवर पिशवी, तोंड रस्त्याकडे. आम्ही दहा हातांवर होतो आणि त्या हलल्या नाहीत. त्या कशाची तरी वाट पाहत होत्या, मान जराशी कलती करून. गुणवंतरावांना वाटलं आता उठतील, मग उठतील. शेवटी ते उतरून जवळ गेले आणि हाक मारली. बाई दचकल्या. कोण म्हणून विचारलं.

"मी, बाई. गुनवंत."

बाईंनी हात पुढे करून त्यांची बाही चाचपली. "पायी आला का रे एवढ्या उनात?"

गाडी सुधारली, आता आवाज करत नाही, असं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. बाई बरं झालं म्हणाल्या. मग थोडं थांबून जे सांगितलं ते त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. नाल्यापाशी गाडी रडायला लागली की त्यांना समजायचं. मग त्या उठायच्या, केस नीट करायच्या, चहा ठेवायच्या, म्हणजे भाऊ दारात येईतो त्याला उकळी यायची. गुरुवारचा तो आवाज आला की दिवस निघाल्यासारखा वाटे. "आता मले कसं समजन रे तू आला म्हनून?"

गुणवंतराव उभेच राहिले. त्यांच्या कानांना डास, भुंगा, बेअरिंग सगळं ऐकू आलं होतं, पण पलीकडे कोणी ऐकत बसलंय हे ठाऊक नव्हतं. ते तडक वळले. येऊन गाडीत बसले. मी अजून खाली उतरलोच नव्हतो. त्यांनी मान मागे वळवून गाडी उलटी घेतली, आख्खी गल्ली, कोंबड्यांना बाजूला करत, थेट नाल्याच्या पुलापर्यंत. मला वाटलं माणूस रागावून परत निघाला. पुलावर त्यांनी गाडी थांबवली, पुढचा गिअर टाकला, आणि हॉर्नवर तळहात ठेवला तो घरापर्यंत उचललाच नाही.

कुत्री भुंकली. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. सत्तरीकडे झुकलेला तो माणूस सरळ समोर पाहत गाडी चालवत होता, आणि मी शेजारी बसून कुठं पाहावं ते न कळून पायांकडे पाहत होतो.

घरापाशी आलो तेव्हा बाई उठल्या होत्या. त्यांनी केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि भिंतीला हात लावत आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला, मग गॅसचा.

वर्ध्याला उशीर होईल, असं मी म्हणालो. गुणवंतरावांनी इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत. हॉर्नवरचा हात मांडीवर घेऊन ते तसेच बसून राहिले, चहाला उकळी यायला लागते तेवढा वेळ.