मोठ्या साहेबांना रोजचा निरोप

गोदामातून चौदा पंप गायब झाले आणि मुख्य कचेरीतून चौकशीच्या मॅडम आल्या. त्यांनी सगळ्यांना कंपनीचे मोबाईल टेबलावर ठेवायला लावले. "यातलं एक अक्षर जरी कुणी पुसलं, तर नोकरी गेली समजा," त्यांनी बजावलं.

स्टोअरकीपरने आपला मोबाईल सगळ्यात शेवटी ठेवला. पंपाला त्याने हात लावला नव्हता. पण त्या मोबाईलवरून तो रोज संध्याकाळी बायकोला दिवसभराचं कळवायचा, आणि बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. सवय सुटली नव्हती, एवढंच. पण हे चारचौघांत सांगायचं कसं?

"मॅडम, फोन दोन मिनिटं मिळेल?"

"कशाला?"

"असंच."

मॅडमनी 'असंच' वहीत लिहून घेतलं.

"मला याचा पहिल्यापासून संशय होता," शेजारी बसलेले मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तो फोन उचलला. "हे बघा! 'मोठे साहेब'! रोज सहाच्या ठोक्याला मेसेज. कोण हो हे मोठे साहेब?"

"घरातलंच माणूस आहे."

"आणि दीड वर्षात उत्तर एकही नाही?" मॅडमनी भुवई उंचावली.

"ती आधीही कमीच द्यायची."

"बाई आहे!" मॅनेजर जवळजवळ उभेच राहिले. "टोळीत बाई आहे, मॅडम!"

मॅडमनी नंबर फिरवला. बंद. त्यांनी तेही लिहून घेतलं. स्टोअरकीपरला आपली खुर्ची आत्ताच दुसऱ्या कुणाची तरी दिसू लागली.

मॅनेजरांना आता चेव चढला. ते मोठ्याने वाचू लागले. "'आज माल उशिरा आला.' बघा, खबर देतोय! 'भाजी करपली, पण बोलणारं कुणी नव्हतं.' ही सांकेतिक भाषा असणार. 'आज मॅनेजरसाहेबांनी मागच्या दाराने दोन…'"

त्यांचा आवाज बसला.

"दोन काय?"

"बॅटरी संपत आलीय वाटतं."

"एकोणनव्वद टक्के आहे," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन काढून घेतला. "'…दोन पंप गाडीत ठेवले. नमुना म्हणाले.' पुढच्या आठवड्यात तीन. मग परत तीन. 'एवढे नमुने कुणाला दाखवतात, देव जाणे. तू असतीस तर तोंडावर विचारलं असतंस. मला जमत नाही.'"

मॅडम पुढचे मेसेजही वाचत बोटांवर मोजत गेल्या. बरोबर चौदा भरले. मग त्यांनी मॅनेजरांचा मोबाईल पाकिटात घालून सील केला. मॅनेजर खिडकीबाहेर बघत बसले.

"या कोण?" मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं.

"बायको. आता नाही."

मॅडमनी वही मिटली. "तुमचाही फोन पुरावा म्हणून ठेवावा लागेल. तोवर रोजचं कागदावर लिहीत जा."

"लिहीन. पण आजचंही लिहावं लागेल. तुमच्यासकट. चालेल ना?"

मॅडमनी क्षणभर विचार केला आणि सकाळी पर्समध्ये गेलेलं गोदामाचं पेन काढून गुपचूप परत टेबलावर ठेवलं.