गरम पडली म्हणजे काय झालं?

हटवार सिस्टरांना चुकूनसुद्धा 'मला या गोळीची ॲलर्जी आहे' असं सांगू नका. सांगितलंत, की त्या हातातलं काम खाली ठेवतात, स्टूल ओढतात, तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि विचारतात, "काय झालतं?" मग तुमची सुटका नाही. मागे भली लांब रांग असो, आतून डॉक्टरसाहेब हाका मारत असोत, की तुमची एसटी सुटत असो.

मी सिस्टरांच्याच ग्रामीण रुग्णालयात औषधांच्या खिडकीत बसतो. कागदावर औषधनिर्माण अधिकारी, पण पवनी तालुक्यात मला सगळे कंपाउंडरभाऊच म्हणतात. स्वभावानं मी उतावळा. चिठ्ठी घ्यावी, गोळ्या द्याव्या, चला पुढचा! सिस्टरांचं टेबल नेमकं माझ्या खिडकीसमोर. सहा वर्षं त्यांच्या उलटतपासण्या ऐकतोय, आणि खरं सांगतो, पहिली दोन वर्षं नुसते दात खात ऐकल्या.

आमच्याकडे पंचाईत अशी, की औषधानं काहीही झालं तरी त्याला एकच शब्द. औषध 'गरम पडलं'. तोंड आलं, गरम पडलं. जुलाब झाले, गरम पडलं. झोप उडाली तरी गरम आणि झोप जास्त झाली तरी गरमच. हल्ली शिकलेली मंडळी त्यालाच 'ॲलर्जी' म्हणतात, एवढाच काय तो फरक. सिस्टरांचं या दोन्ही शब्दांशी हाडवैर. "मले नाव नोको सांगू," त्या म्हणतात, "अंगाले काय झालं ते सांग."

एकदा आसगावची एक गरोदर सून आली. लोहाच्या गोळ्या माझ्या खिडकीवर परत ठेवून म्हणाली, "मले ॲलर्जी हाय." सिस्टरांचं स्टूल सरकलं.

"काय झालतं?"

"काळी झाली."

"काय काळी झाली?"

ती पदर चावायला लागली. रांग कान देऊन ऐकत होती. सिस्टरांचा आवाज मात्र तसूभर उतरला नाही. "अवो माय, काय काळी झाली? जीभ? नखं? हंडी?"

"संडास वो!" ती बिचारी किंचाळली.

"ते तं काळीच व्हाले पायजे! नाई झाली असती तं मी म्हटलं असतं, गोळ्या उकिरड्यावर फेकल्या तू." गोळ्या परत तिच्या ओच्यात.

दुसरे एक म्हातारे बावाजी बीपीची गोळी सोडून बसले होते. त्यांचीही ॲलर्जीच. काय होतं? तर गोळी घेतली की धानाच्या बांधीतून चार-चारदा शेताच्या धुऱ्यावर पळावं लागतं. सिस्टर म्हणाल्या, "बावाजी, ते गोळी लघवीचीच हाय. तिनं तिचं काम केलं, तुमी काहून रागावता?" पण हसून सोडून दिलं नाही. डॉक्टरांना उठवून आणलं, गोळी घ्यायची वेळ बदलून घेतली, बावाजींकडून ती तीनदा वदवून घेतली.

मीही सुटलो नाही. मला वांग्याची ॲलर्जी आहे, असं मी एकदा डबा खाताना बोलून गेलो. पंधरा मिनिटं माझी जबानी झाली. निकाल लागला, की मला वांगं आवडत नाही, बस. आणि हा निकाल त्यांनी बाजारात भेटून माझ्या बायकोला कळवला. तेव्हापासून मी वांगं खातो.

सिस्टरांच्या हिशेबी दोनच भाग. 'त्रास' आणि 'धोका'. त्रास म्हणजे औषध काम करताना थोडी भांडी वाजवणार. डॉक्टरांना सांगा, मात्रा बदला, वेळ बदला, पण घाबरून सोडू नका. धोका म्हणजे तेच औषध पुन्हा अंगात गेलं तर माणूस हातचा जाईल. "या दोघाइले एका पोत्यात भरू नोका," असं त्या नवीन मुलींनाही सांगतात आणि डॉक्टरांनाही.

माझं दात खाणं थांबलं ते एका मिस्तरीमुळे. कंबर धरून आला होता. ॲलर्जी विचारल्यावर म्हणाला, "काही नाई जी. ते दुखण्याची सुई जराशी गरम पडते, बस." दुसरं कोणी असतं तर सुई देऊन मोकळं झालं असतं, मी तर नक्कीच. सिस्टर म्हणाल्या, "गरम पडते म्हणजे काय होते?" तो हसत हसत म्हणाला, "अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले, गळा दाटून श्वासच बंद झालता. पन झालो बरा." सिस्टरांनी भरलेली सुई उचलली आणि सरळ डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्याच्या केसपेपरवर मोठ्या अक्षरांत 'धोका' लिहिलं गेलं. जीव जाता जाता राहिलेला माणूस 'जराशी' म्हणतो आणि वांगं न आवडणारा माझ्यासारखा 'ॲलर्जी'! त्या दिवसापासून बाईंना मी मनातल्या मनात हात जोडतो.

गेल्या हिवाळ्यात प्रणाली आली. वय वीस, चार पावलं चालली की धाप. सोबत वडील, तुळशीराम. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर नव्या वसाहतीत राहायला आलेले, वैनगंगेवर मासेमारी करणारे. लहानपणी मुलीला ताप येऊन सांधे धरले होते आणि त्यात काळजाची झडप दुखावली होती. अशा मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई लागते, वर्षानुवर्षं. नाहीतर पुन्हा तो ताप येतो आणि दर वेळी झडप आणखी खराब करून जातो. या पोरीला नऊ वर्षांत एकही सुई मिळाली नव्हती. त्याऐवजी दिलेल्या गोळ्यांनी मळमळ व्हायची, तीही ॲलर्जीच समजून सोडलेली. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा ताप आला तर छाती उघडावी लागेल.

सुई का नाही? तर तुळशीरामांनी शर्टाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. जुनी दवाखान्याची चिठ्ठी, आणि तिला चक्क लॅमिनेशन केलेलं! त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पेनिसिलिन ॲलर्जी, कधीही देऊ नये.

"वसाहतीतल्या तपासणीच्या कॅम्पात एका सिस्टरनं लिवून देली जी," तुळशीराम म्हणाले. "लय चांगली बाई. तोंड आता याद नाई, पन तिच्यानंच पोरगी वाचली. जिथं जातो तिथं पयले हा कागद दाखवतो."

सिस्टरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. मग स्टूल ओढलं. पण "काय झालतं?" हे इतक्या हळू विचारलं, की मला खिडकीतून मान बाहेर काढावी लागली.

"सुई देल्याबरोबर पडली जी. डोळे पांढरे."

"तुमी पाह्यलं?"

"नाई, मी बाहेर होतो. आरडाओरडा झाला तसा धावलो."

"मंग तुमी उगे राहा. तू सांग, माय."

प्रणाली म्हणाली, "सुई तं टोचलीच नव्हती. दंडाले कापूस लावला, त्याचा वास आला, अन् डोळ्यापुढं अंधारीच आली."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. सिस्टर हसल्या नाहीत. "अंगावर काही उठलं? ओठ, श्वास?"

"नाई."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"काहीच नाई. लवकर नंबर लागावा म्हणून उपाशीच गेली होती. मले सुईचं भेव लागते."

"हे तू कोनाले सांगितलं नाई?"

"कोनी विचारलंच नाई."

डॉक्टरांनी भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. सिस्टरांनी रजा टाकली आणि बाप-लेकीसोबत एसटीनं स्वतः गेल्या. तिथं पूर्ण तयारीनिशी आधी थेंबभर औषध देऊन पाहिलं, मग वाढवत वाढवत पूर्ण. काही झालं नाही. पोरीला पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हतीच. मी म्हटलं, वा सिस्टर, कमाल केली! त्यांनी नुसती पुढच्या सुईची तारीख लिहिली.

पुढची सुई आमच्याकडे होती. पोरीला पोटभर जेवून यायला सांगितलं होतं. सिस्टरांनी तिला आडवं निजवलं, वांग्याची भाजी कशी करतेस ते विचारलं आणि ती फोडणीपर्यंत पोचेस्तोवर सुई देऊन मोकळ्या झाल्या. मग नियमाप्रमाणे अर्धा तास तिच्याजवळ मनगट धरून बसल्या. सगळं ठीक होतं.

तेव्हा त्यांनी तुळशीरामांकडून तो कागद मागून घेतला. लॅमिनेशनवर पेन चालेना. म्हणून ड्रेसिंगची कात्री घेतली आणि कड कापायला लागल्या.

"बाई, कागद खराब होईल जी!" तुळशीराम उठलेच.

"होऊ दे," सिस्टर म्हणाल्या. "हे अक्षर माझं हाय."

मी खिडकीत उभा राहिलो.

"कॅम्पात लय गर्दी होती. पोरगी पडली, मी घाबरली, अन् लिवून देलं. काय झालतं, मी विचारलंच नाई. खात्री होईपर्यंत बोलली नाई, पन ते सिस्टर मीच." त्यांनी प्लास्टिक सोलून कागद काढला, जुन्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, ॲलर्जी नाही, चूक माझी. पूर्ण नाव घालून सही केली. सरकारी नोकरीत असं कोणी लिहीत नाही. मी तरी लिहिलं नसतं.

तुळशीरामांनी कागद हातात घेतला. मग म्हणाले, "आमाले वाटे, तुमी जीव वाचवला. म्हणून तं पवनीले जाऊन लॅमिनेशन केलं."

सिस्टरांना हुंदका आवरेना. सहा वर्षांत मी या बाईंना कधी रडताना पाहिलं नव्हतं. प्रणालीनंच उठून त्यांचा हात धरला. "आता विचारलं ना तुमी," ती म्हणाली.

तुळशीरामांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि थोडा विचार करून म्हणाले, "मंग यालेबी लॅमिनेशन करू का?"

"नोको," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. "कागद खुलाच राहू द्या, भाऊ. उद्या आनखी कोनाले काही विचारावंसं वाटलं, तं लिवाले जागा पायजे."